घर बघायला पार्टी आली की बाबांनी घरात थांबावं की नाही?

रातराणी

नमस्कार. मुलुंड पूर्वेला बाबांचा वन बीएचके आहे. ४१० चौरस फूट कार्पेट, १९८६ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात आणि गुडघ्यांमुळे जिना आता झेपत नाही. ठाण्यात माझ्या जवळच, लिफ्ट असलेल्या इमारतीत त्यांच्यासाठी घर घ्यायचं ठरलंय, म्हणून हा फ्लॅट विकायला काढलाय. अपेक्षा १ कोटी १० लाखांची आहे. आमच्याच गल्लीत हल्ली झालेल्या व्यवहारांच्या मानाने भाव चढा नाही, असं एजंटही म्हणतो.

पार्ट्या येतात. पण पाच-दहा मिनिटांत "कळवतो" म्हणून जातात आणि कळवत नाहीत.

मी दोन-तीन रविवारी मुद्दाम जाऊन बसले आणि जे बघितलं ते लिहिते. बाबा दार उघडतात तिथपासून पार्टी खाली उतरेपर्यंत ते त्यांच्या बरोबर असतात. ओट्याचा कडप्पा कुठून आणला, माळा सागवानी कसा, खिडकीला बॉक्स ग्रिल कधी बसवलं, सगळं सांगतात. कोणी कपाटाला हात लावला की "थांबा, मी दाखवतो". बाथरूममध्ये ते आधी शिरतात, आणि आत दोन माणसं मावत नाहीत, त्यामुळे येणाऱ्याला बाबांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागतं. परवा एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "ही मधली भिंत काढली तर?" बाबांनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "ती काढता येणार नाही, वर बीम आहे." त्यानंतर दोघं एक शब्द बोलले नाहीत. चहा प्यायले आणि गेले.

एजंटने स्पष्ट सांगितलं की पार्टी येईल तेव्हा काकांना बाहेर पाठवा. बाबांना ते फार लागलं. "एवढी वर्षं राहिलो या घरात, आता चोरासारखा बाहेर जाऊन बसू?" मला त्यांचं दुःख कळतं. ऑफिसचं कर्ज काढून, आईचे दागिने मोडून घेतलेलं घर आहे हे. त्यांना वाटतं की घराची किंमत समोरच्याला त्यांनीच समजावून सांगितली पाहिजे.

माझे प्रश्न: मालक घरात असण्याने खरंच एवढा फरक पडतो का? पडत असेल तर दरवेळी तीन मजले उतरवून त्यांना पाठवायचं कुठे? आणि अनोळखी माणसांवर घर सोडणं कितपत सुरक्षित?

---

टिळकनगरकर

माझं मत वेगळं आहे. मालकाने हजर असावंच. मी चेंबूरचं घर विकलं तेव्हा एजंट पार्टीला सांगत होता की खालचं स्टिल्ट पार्किंग घराबरोबर मिळेल. ते पार्किंग सोसायटीचं होतं, दरवर्षी सोडत निघायची. मी तिथे होतो म्हणून लगेच बोललो. नसतो तर ही गोष्ट टोकन घेतल्यावर निघाली असती आणि खोटं बोलल्याचा ठपका माझ्यावर आला असता.

शिवाय रीसेलच्या घरात लोकांना मालकाशीच बोलायचं असतं. पाणी किती वेळ येतं, शेजार कसा, कमिटीत भांडणं आहेत का, हे एजंटला काय माहीत?

एक वेगळा मुद्दा, पण महत्त्वाचा. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, आईंचंही नाव असेल तर वारसांची हक्कसोडपत्रं (आपला हिस्सा सोडल्याचे दस्त) नोंदवून मगच पार्ट्या बोलवा. नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका. घर आवडलेली पार्टी कागदांसाठी दोन-तीन महिने थांबत नाही.

---

पूर्वेची_इस्टेटवाली

ताई, मी मुलुंड-भांडुप पट्ट्यात रीसेलचंच काम करते. तुमच्या एजंटचं म्हणणं बरोबर आहे, पण काकांना त्याने ज्या शब्दांत सांगितलं ते मला पटलं नाही. आणि टिळकनगरकर म्हणतात तेही खरं आहे, मालकाशी बोलायचं असतंच लोकांना. फक्त पहिल्या भेटीत नसतं.

पहिल्यांदा येणाऱ्या पार्टीच्या डोक्यात तिचं स्वतःचं सामान असतं. सासूबाईंचा पलंग कुठे, मुलाचं टेबल खिडकीशी बसेल का, देव कोणत्या भिंतीला. ते सामान लावून बघायला तिला थोडा वेळ लागतो आणि आजूबाजूला कोणी नसावं लागतं.

नीलमनगरमधली एक व्हिजिट सांगते. बाई शाळेत शिक्षिका. स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याकडे पाठ केली आणि दाराशेजारच्या मोकळ्या भिंतीवर वितीने मोजायला लागल्या. मी लगेच ओळखलं, फ्रिजची जागा बघतायत. घर आवडल्याशिवाय कोणी फ्रिजची जागा मोजत नाही. दोन विती झाल्या, तिसरी लावतायत तोच घरमालकीण मागून म्हणाली, "तिथे नाही हो मावत फ्रिज, आमचा तर हॉलमध्येच आहे." शिक्षिकाबाईंचा हात भिंतीवरून निघाला तो थेट पर्सच्या पट्ट्यावर गेला. बेडरूम त्यांनी दारातूनच बघितली. खाली उतरताना मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांचा फ्रिज एका दाराचा, जुना, अरुंद. आरामात मावला असता. घरमालकीण काही वाईट बोलली नव्हती, मदतच करत होती. पण घर तोवर बाईंच्या मनातून उतरलं होतं.

तुमच्याकडच्या बीमच्या उत्तराचंही तेच झालं. काका खरं बोलले. पण त्या बाई काकांना विचारत नव्हत्या, नवऱ्याशी बोलत होत्या. नवरा-बायकोचं ते बोलणं घरात झालं तर घर विकलं जातं. ते जिन्यात झालं की "कळवतो" होतं. जिन्यात काय चालतं ते मी रोज ऐकते. बहुतेक वेळा पैशाचा हिशोबच असतो. तुमच्याच घराचा करून दाखवते. १ कोटी १० लाखांवर बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देणार, म्हणजे साडेब्याऐंशी लाख. वरचे साडेसत्तावीस लाख स्वतःचे. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासकट ६ टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटचे १ टक्क्याने १ लाख १० हजार. साडेपस्तीस लाख घरचे लागतात, रंगाचा ब्रश भिंतीला लागायच्या आधी. मुद्रांक शुल्क कर्जात धरत नाहीत हे पुष्कळांना ऐनवेळी कळतं. मग कोणाची एफडी मोडायची, घर फक्त बायकोच्या नावावर घेऊन १ टक्का वाचवायचा का, सासऱ्यांकडे मागायचे का, अशी बोलणी होतात. परक्या माणसासमोर, त्याचा चहा हातात घेऊन, असलं कोण बोलेल?

दुसरं कारण म्हणजे संकोच. मालक बाथरूमच्या दारात उभा असेल तर कोणी फ्लश ओढून बघत नाही. नळ पूर्ण सोडून बघत नाही. पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे का म्हणून तळहात लावून बघत नाही. भिडेपोटी न बघता जातात, आणि जे बघितलं नाही ते खराबच असणार असं धरून चालतात. मग एक तर येतच नाहीत किंवा भाव पाडून मागतात. १९८६ ची इमारत म्हटल्यावर गळतीची शंका येणारच. येऊ दे. हात लावू दे. कुठे गळती असेल तर ती रंगाखाली लपवू नका, कधी दुरुस्त केली त्याचं बिल दाखवा.

तिसरं काकांना सांगताना जपून सांगा, पण सांगा. मालक सहज बोलता बोलता आपली बाजू उघडी करतो. "गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही, मुलीने ठाण्यात घर बघून ठेवलंय." ऐकणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी उचलल्या. हा जिना त्रासाचा आहे, आणि यांना घाई आहे. मागणी तिथेच खाली येते, आणि मी कितीही वाद घातला तरी वर चढत नाही.

आता काकांचं काय करायचं. तीन मजले उतरवून त्यांना खाली बाकावर बसवायला मीही सांगणार नाही. समोरचं दार कोणाचं आहे? वर्षानुवर्षांचा शेजार असेल तर पंधरा-वीस मिनिटं तिथे बसू देतील. तेही नसेल तर गॅलरीत किंवा हॉलच्या एका कोपऱ्यात खुर्ची, हातात पेपर. दार मात्र काकांनीच उघडायचं. "या, सावकाश बघा, कपाटं उघडून बघा, मी समोरच आहे." एवढं मालकाने स्वतः म्हटलं की येणाऱ्याचा अर्धा संकोच जातो, आणि काकांनाही बाहेर काढल्यासारखं वाटत नाही. त्यांच्या परवानगीनेच सगळं चाललंय.

चहा नको. चहा आला की बसावं लागतं, आणि बसलं की घर बघणं संपलं. विचारतील त्याला पाणी द्या.

आणि काकांना जे सांगायचंय ते सगळं त्यांनी फुलस्केपवर लिहून काढावं. दरमहा मेंटेनन्स किती, टाकीचं पाणी सकाळ-संध्याकाळ कधी सुटतं, छताचं वॉटरप्रूफिंग कोणत्या साली झालं, पार्किंगचा नियम काय, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, शेवटचं कधी झालं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं, हल्ली लोक ते विचारतात. पुनर्विकासाचं बोलणं कुठवर आलंय तेही लिहा, आहे तेवढंच, एक अक्षर वाढवून नको. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांच्या वर घेता येत नाही, तेही लिहून ठेवा, कारण त्याबद्दल नको त्या अफवा असतात. हा कागद हॉलमध्ये टेबलावर. टिळकनगरकरांच्या पार्किंगच्या मुद्द्याला हेच उत्तर आहे, एजंट काहीही बोलला तरी मालकाच्या हातचं लिहिलेलं समोर आहे.

ज्यांना घर आवडलं ते दुसऱ्यांदा येतात. आई-वडिलांना घेऊन येतात. त्या दिवशी काका हवेतच. फाइल घेऊन, हॉलमध्ये बसून, सागवानी माळ्यासकट सगळं सांगू दे. त्या दिवशी लोक कान देऊन ऐकतात. ज्या माणसाने घर इतकं सांभाळलंय त्याच्याकडून आपण घेतोय, हे समाधान मी कितीतरी सौद्यांत बघितलंय.

सुरक्षिततेचं: दागिने, रोख, मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट या गोष्टी घरात नकोतच, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा तुमच्याकडे. एका कपाटाला कुलूप असलं तरी चालतं, बाकीची उघडी ठेवा. औषधं आणि बँकेची पत्रं टेबलावरून उचला. पार्टीचं नाव-नंबर आदल्या दिवशी मागून घ्या आणि गेटवरच्या वहीत नोंद होऊ द्या. एजंटने पूर्ण वेळ घरात थांबायचं, पण पार्टीच्या मागे मागे फिरायचं नाही. मी स्वतः हॉलमध्ये दाराजवळ उभी राहते. नवीन एजंट असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा, तो संकेतस्थळावर तपासता येतो. आणि किल्ली कोणालाही देऊन ठेवू नका, मलासुद्धा नाही.

---

गच्चीवरून

मी गेल्या वर्षी घर घेतलं, कांजूर पूर्वेला. घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

वरच्या प्रतिसादातलं संकोचाचं जे लिहिलंय ते अगदी असंच असतं. विक्रोळीत एक घर खूप आवडलं होतं, फोटोंवरून. गेलो तर घरात पाच माणसं. आजोबा पलंगावर, मुलगा अभ्यासाला, मालक आणि त्यांचे भाऊ आमच्या दोन्ही बाजूंनी. बेडरूममध्ये पाऊल टाकलं की आजोबा उठून बसायला बघायचे, मग आम्हीच "नको नको, असू द्या" म्हणून मागे फिरायचो. आम्ही २० वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणार होतो आणि बेडरूमची दुसरी भिंत आम्हाला दिसलीच नाही. घर कदाचित चांगलंही असेल. परत जायचं धाडस झालं नाही, पुन्हा त्या आजोबांना उठवायचं म्हणून.

जे घर घेतलं तिथल्या काकू दार उघडून शेजारी निघून गेल्या होत्या. मी प्रत्येक खिडकी सरकवून बघितली. एक अडकत होती. मोबाइलला आतल्या खोलीत रेंज येते का बघितलं. नवरा ओट्याशी उभा राहिला, कारण आमच्याकडे पोळ्या तो करतो आणि तो उंच आहे, वरच्या कपाटाला डोकं लागतं का बघायचं होतं. हे कोणासमोर करायला लाज वाटली असती. पंधरा मिनिटं आम्ही तिथे नुसते बोलत होतो. काकू परत आल्यावर मी अडकणाऱ्या खिडकीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात अडकते, ट्रॅक बदलायला झालाय." खरं उत्तर मिळालं म्हणून पुढच्या उत्तरांवरही विश्वास बसला.

रातराणी, एक विनंती. दिवे-पंखे लावून ठेवा आणि खिडक्या उघड्या. मालक समोर नसला की बटणं शोधत बसायला संकोच वाटत नाही, पण अंधाऱ्या खोलीत पहिलं पाऊल टाकलं की मन खट्टू होतं.

---

टिळकनगरकर

दुसऱ्या भेटीत मालकाने बसायचं हे पटलं. कागद लिहून ठेवायची कल्पनाही चांगली आहे, फक्त त्यावर तारीख घाला आणि खाली सही करा. मेंटेनन्स वाढला की कागदही बदला.

---

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. टिळकनगरकर, फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेट दोन्ही फक्त बाबांच्या नावावर आहे, ऑडिटचा अहवालही सोसायटीकडून मागितलाय.

काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. फ्रिजच्या वितींपाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे ती बाई नवऱ्याशी बोलत होती होय." दुसऱ्या भेटीत ते बसणार हे ऐकल्यावर बराच फरक पडला. कागद लिहायला घेतलाय. पाण्याच्या वेळा, मीटर कोणता, मुख्य नळाचा कॉक कुठे आहे, इथपर्यंत आलेत. समोरच्या काकूंनी आनंदाने हो म्हटलंय, त्यांच्याकडे बसणार.

दोन गोष्टी राहिल्या. हॉलमध्ये आईचा फोटो आहे, हार घातलेला. एजंट म्हणतो काढा, लोकांना चालत नाही. बाबांना ते मी सांगू शकत नाही. आणि या रविवारी दोन पार्ट्या आहेत. एजंट दोघांना एकाच वेळी बोलावू म्हणतोय, म्हणजे मागणी आहे असं दिसेल.

---

पूर्वेची_इस्टेटवाली

फोटो राहू दे. फोटोमुळे माझा एकही सौदा अडला नाही. फक्त हॉलमध्ये शिरताना समोर येत असेल तर काकांना विचारून बाजूच्या भिंतीवर किंवा देवघराजवळ हलवा. ते नको म्हणाले तर आहे तिथेच असू द्या. घर विकेपर्यंत ते त्यांचंच घर आहे.

दोन पार्ट्या एकत्र अजिबात नको. ४१० फुटांत दोन कुटुंबं आणि दोन एजंट म्हणजे पुन्हा तेच, कोणी मोकळेपणाने बोलणार नाही, आणि एकमेकांसमोर तर मुळीच नाही. मागणी आहे असं दाखवायला काही एजंट हे करतात, मी करत नाही. घाईत आवडलेलं घर घाईतच नकोसं होतं, आणि टोकन परत मागायला आलेल्या माणसाला तोंड तुम्हाला द्यावं लागतं.

एका पार्टीला अकरा, दुसरीला बारा सांगा. मध्ये जी वेळ उरेल ती हवी आहे, पहिल्यांना रेंगाळायचं असेल तर रेंगाळू देत. पाणी सकाळी सुटत असेल तर अकराची वेळ त्याच्या जवळ आणा, नळाला जोर दिसेल. काकांचं जेवण किती वाजता असतं ते बघून बाराची वेळ पक्की करा, समोरच्या काकूंकडे उपाशी बसायला नको.

पार्टी गेल्यावर एजंटला लगेच "काय म्हणाले" विचारू नका, संध्याकाळी विचारा. त्यांनी मेंटेनन्सचा, पार्किंगचा किंवा शाळेचा प्रश्न पाठवला असेल तर ती पार्टी परत येणार आहे असं समजा आणि काकांची फाइल तयार ठेवा.